फुलांसाठी जागा

फोरमनच्या हातात कागद आणि तार पहिल्यांदा दिली ती माईंनीच. ही गोष्ट माई पुढे कुणाला सांगत नसत. सांगितली असती, तर ऐकणाऱ्याने हटकून म्हटलं असतं, मग आता भोगा.

फोरमन खोक्यांच्या कारखान्यात होते. पुठ्ठा कापायचा, घड्या पाडायच्या, खोकी उभी करायची, आणि हे सगळं करणाऱ्या माणसांवर दिवसभर नजर ठेवायची. शेजारी, दुकानदार, व्याही, सगळे त्यांना फोरमनच म्हणत, आणि त्यांच्या माघारी माईसुद्धा. निवृत्त झाल्यावर हाताखाली माणसं उरली नाहीत. मग त्यांनी नजर वळवली स्वयंपाकघराकडे. कुठल्या डब्याचं झाकण सैल आहे, नळ नीट बंद का होत नाही, पेले आधी घासावेत की ताटं, यावर ते माईंच्या पाठीशी उभे राहून बोलत. माईंना सळो की पळो झालं. एकदा त्या दोरा आणायला दुकानात गेल्या, तिथे क्रेप कागदाच्या रंगीत गुंडाळ्या आणि बारीक तारेची भेंडोळी दिसली. त्यांनी लाल घेतला, हिरवा घेतला, तार घेतली, आणि घरी येऊन फोरमनच्या पुढ्यात टाकलं. बघा, यातून काही होतंय का, म्हणाल्या. दुपारभर माणूस गुंतून राहील एवढीच त्यांची अपेक्षा होती.

माणूस गुंतला तो असा की सुटेचना.

फोरमनचा जन्म कागदात गेलेला. कागद कुठल्या अंगाने ताणला तर पसरतो आणि कुठल्या अंगाने फाटतो, हे त्यांच्या बोटांना न बघता कळायचं. दोन्ही अंगठ्यांनी पाकळीचं पोट हळूच फुगवायचं, कड काडीवर गुंडाळून तिला मुरड घालायची, मधल्या कळीभोवती एकेक पाकळी चिकटवत जायची, आणि खाली देठाला हिरवी टेप ओढून गुंडाळायची. असे गुलाब व्हायचे की घरात आलेला माणूस वाकून वास घ्यायचा आणि मग खजील होऊन हसायचा. फुलं सुंदर होती, यात वादच नव्हता. माईंना तोच जास्त त्रास. भिकार असती तर बोलायला सोपं गेलं असतं.

फुलं आधी फुलदाणीत होती. मग फ्रिजवर आली, खिडकीत आली, आरशाच्या कडेला आली. वाळत घातलेली फुलं कपड्यांच्या दोरीवर उलटी लटकू लागली, आणि ओले टॉवेल खुर्च्यांवर आले. पाकळ्यांना चकाकी यावी म्हणून फोरमननी मेण वितळवलं, ते दुधाच्या पातेल्यात. पातेलं माईंनी घासघास घासलं, तरी त्यानंतर त्यात तापवलेल्या दुधावर बारीक तवंग यायचा. त्या काही बोलल्या नाहीत. दुसरं पातेलं काढलं.

कात्रीचं मात्र त्या बोलल्या. माई शिवणकाम करत. फ्रॉक, पडदे, उशांचे अभ्रे, कुणाच्या पँटची उंची कमी कर, कुणाची कंबर सैल कर. त्यांची कापडाची मोठी कात्री होती, जड, काळ्या मुठीची. कापडाच्या कात्रीने कागद कापायचा नाही, हे शिवणकाम चालणाऱ्या घरातल्या मांजरालाही ठाऊक असतं. फोरमन मात्र त्याच कात्रीने एक संध्याकाळ पाकळ्या कापत बसले होते. दुसऱ्या दिवशी माईंनी रेशमी कापड घेतलं तर कात्री ते कापेना, चावू लागली. माई चिडल्या. फोरमन म्हणाले, कात्री ती कात्री, धार लावून आणू. धार लावून आणली, पण ती पूर्वीसारखी कधी चाललीच नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी माईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. एक झाला की दुसरा, अशी दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं करायची ठरली, आणि त्यासाठी त्या लेकीकडे दुसऱ्या गावी गेल्या. निघण्याआधी कित्येक आठवडे शिवणकाम बंदच होतं. सुईत दोरा ओवायला घेतला की सुयाच दोन दिसायच्या. मशीनवर त्यांनी जुनी चादर पांघरून ठेवली होती. जाताना चादरीची कड नीट खोचली आणि गेल्या.

ते मशीन पायाने चालवायचं होतं. लग्नाआधी माई एका शिंप्याच्या दुकानात बटणं लावायचं आणि काजं करायचं काम करत, तेव्हा स्वतःच्या कमाईतून घेतलेलं. या घरात त्यांनी आणलेल्या वस्तूंपैकी भांडी वडिलांनी दिलेली, कपाट मामांनी दिलेलं. मशीन तेवढं त्यांचं स्वतःचं. बाहेरच्या खोलीत खिडकीशी, जिथे सगळ्यात चांगला उजेड यायचा, तिथे ते पहिल्या दिवसापासून होतं.

लेकीकडून त्या परतल्या तेव्हा फोरमननी दार उघडलं आणि बाजूला सरकून हाताने आत बघ अशी खूण केली. खोली फुलांनी भरली होती. गुलाब होते, लिली होत्या, कसलीशी जांभळी तुर्रेवाली फुलं होती जी माईंनी आधी पाहिली नव्हती. खिडकीशी एक लांब नवं टेबल, त्यावर वाकवता येणारा दिवा, रंगांप्रमाणे लावून ठेवलेल्या कागदाच्या गुंडाळ्या. टेबलाच्या मधोमध एक मोठा गुच्छ.

"तुझ्यासाठी," फोरमन म्हणाले. "नव्या डोळ्यांनी आधी हे बघायचं."

नवे डोळे फार चांगले काम करत होते. माईंना टेबलाखाली फरशीवर चार फिकट ठिपके दिसले. मशीनचे पाय जिथे वर्षानुवर्षं टेकले होते, तिथली फरशी झिजलेली नव्हती.

"मशीन कुठंय?"

"धाकटीकडे पाठवलं."

धाकटी म्हणजे फोरमनची बहीण, माईंच्या वन्सं.

"कुणाला विचारून?"

"त्यात विचारायचं काय? तू आता थोडंच शिवणार आहेस. डोळ्यांना ताण नको म्हणून डॉक्टरांनीच सांगितलंय. नुसतं धूळ खात पडलं होतं."

डॉक्टरांनी सांगितलं होतं ते डोळ्यांत घालायचे थेंब संपेपर्यंत. थेंब संपले होते. माईंनी हे बोलून दाखवलं नाही. बोलायला तोंड उघडलं तर काय काय बाहेर पडेल याचा त्यांनाच भरवसा वाटेना. त्या आत गेल्या, हातपाय धुतले, पिशवीतले कपडे काढून कपाटात लावले. मग लेकीला फोन केला.

लेकीला ही बातमी नवी नव्हती. बाबांनी मला कळवलं होतं, म्हणाली, मला वाटलं तुमचं आपसात ठरलंय. मग तिने समजूत घातली. बाबा इतक्या दिवसांनी कशात तरी रमलेत, आई. एरवी तुझ्याच मागे लागायचे. आणि मशीनचं काय एवढं, आपण नवं घेऊ, विजेवर चालणारं, तुझ्या गुडघ्यांनाही बरं. माई म्हणाल्या, बरं, जेवून घे तू, आणि फोन ठेवला. समजूत घालणाऱ्या माणसाचा इतका राग येऊ शकतो हे त्यांना त्या दिवशी कळलं.

सकाळी त्या दूध आणायला उतरत होत्या. वरच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहत. सगळी इमारत त्यांना मास्तरीणबाई म्हणे. त्या जिन्यात भेटल्या. त्यांनी माईंचा हातच धरला.

मास्तरीणबाई आणि आणखी दोघीजणी फोरमनकडे दुपारी फुलं शिकायला येऊ लागल्या होत्या, असं कळलं. तेही ठीक. पण मास्तरीणबाईंचा हात सुटेना, आणि डोळे भरून आले.

"तुमच्यासारखी बायको मिळायला नशीब लागतं, माई," त्या म्हणाल्या. "फोरमननी सांगितलं आम्हाला. ऑपरेशनला निघताना तुम्ही म्हणालात ना, माझं मशीन कुणाला तरी द्या, तुमच्या फुलांना जागा होऊ दे. सांगताना त्यांचा गळा दाटून आला होता हो. आम्ही तिघी रडलो."

माईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. दुधाची पिशवी हातात नव्हती हे बरं. मशीन उचलून दिलं तो एक अपराध. त्याबद्दल रात्रभर त्यांनी मनातल्या मनात फोरमनला धारेवर धरलं होतं. पण हे वेगळंच काही होतं. जे शब्द त्यांनी उच्चारले नव्हते ते त्यांच्या तोंडी घातले होते, आणि वर त्या शब्दांनी स्वतःच गहिवरून घेतलं होतं. आता काय करायचं? मास्तरीणबाईंना सांगायचं, मी असं काही म्हणाले नाही? म्हणजे जी बाई देवी होती ती क्षणात कजाग ठरणार. माईंनी हात सोडवून घेतला, काही तरी पुटपुटल्या, आणि दुधाच्या दुकानावरून तशाच पुढे निघाल्या.

वन्संचं इस्त्रीचं दुकान दोन रस्ते ओलांडून होतं. नवरा गेल्यापासून त्या एकट्याच ते चालवत. माई पोचल्या तेव्हा त्या शर्टाची कॉलर दाबत होत्या. मशीन कोपऱ्यात होतं, अंगावर तीच चादर, आणि चादरीवर इस्त्री केलेल्या कपड्यांची चळत.

"ये, वहिनी," वन्सं म्हणाल्या. "डोळे कसे आहेत?"

"डोळे बरे आहेत. हे मशीन मी तुम्हाला दिलं नव्हतं."

वन्संनी इस्त्री उभी करून ठेवली. त्यांनी कानावर हात ठेवले नाहीत की ओशाळल्याही नाहीत. दादाचा फोन आला, त्या म्हणाल्या, त्याने सांगितलं, की वहिनीने जाताना मशीन तुला द्यायला सांगितलंय. मी म्हटलं, वहिनी? मशीन? मला तेव्हाच खटकलं होतं. पण तू दवाखान्यात, तुला कशाला त्रास द्यायचा, म्हणून मूग गिळून बसले. एकदाही पायडल मारलेलं नाही, विचार हवं तर.

मग त्यांनी शर्टाची घडी घातली, चळतीवर ठेवली.

"माझी एक बाहुली होती," त्या म्हणाल्या. "दादाला शेजारच्या मुलीशी खेळायचं होतं, म्हणून ती तिला देऊन आला. आणि घरी येऊन आईला सांगितलं, हिनेच दिली, केवढं मोठं मन आहे हिचं. आईने मला जवळ घेतलं. बाबांनी पाठ थोपटली. आल्यागेल्याला सांगायचे. इतकं कौतुक झालं वहिनी, की मला रडताच येईना."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? मोठ्या मनाची झाले." त्यांनी इस्त्रीचं बटण बंद केलं. "ते कपडे खाली घे. टेम्पो बोलावते."

हॉटेलांच्या चादरी पोचवणारा एक टेम्पोवाला त्यांच्या ओळखीचा होता, पण तो दुपारपर्यंत मोकळा नव्हता. तोवर दोघी दुकानातच बसल्या. वन्संनी चहा मागवला. माईंनी चादर काढून मशीन पुसलं, पट्टा तपासला, चाक हाताने फिरवून बघितलं. राग कमी होईल असं त्यांना वाटलं होतं. तो उलट चाकाबरोबर वाढत गेला. वर्षानुवर्षांच्या बारक्यासारक्या गोष्टी आठवू लागल्या. लेकीच्या शाळेच्या समारंभाला त्या गेल्या नव्हत्या, कारण म्हणे त्यांनाच गर्दी आवडत नाही. भावाच्या नव्या घरी राहायला गेल्या नव्हत्या, कारण म्हणे त्यांचाच पाय घरातून निघत नाही. हे सगळं लोकांना फोरमननी सांगितलेलं, आणि लोकांकडून फिरून माईंच्या कानावर आलेलं. दरवेळी त्यांनी सोडून दिलं होतं. आपण असं म्हणालोही असू, असं स्वतःला समजावलं होतं.

दुपारी टेम्पो इमारतीपाशी थांबला. टेम्पोवाला आणि वन्सं एका बाजूने, माई दुसऱ्या बाजूने, असं करत मशीन वर आणलं. लोखंडी स्टँड जिन्याच्या कठड्याला लागून ठणठण वाजत होता, त्यामुळे कुणी तरी काही तरी आणतंय हे आत कळलंच असणार. दार उघडंच होतं. फोरमन टेबलाच्या टोकाला, दोन्ही बाजूंना मास्तरीणबाई आणि त्या दोघी, आणि सगळ्यांच्या हातांत अर्धवट पाकळ्या.

फोरमन चटकन उठले. दाराशी येऊन हलक्या आवाजात म्हणाले की हे आत्ता नको, लोक बसलेत, संध्याकाळी बोलू.

"लोक बसलेत म्हणूनच," माई म्हणाल्या, आणि त्यांच्या खांद्यावरून मास्तरीणबाईंकडे बघितलं. "बाई, सकाळी तुम्ही मला जे म्हणालात ते मी बोलले नव्हते. मशीन द्या असं मी कुणालाही सांगितलेलं नाही."

तिघी फोरमनकडे बघू लागल्या. फोरमन मात्र हसले. रागावले असते तर एक वेळ चाललं असतं. ते हसले, आजारी माणसाकडे बघून हसतात तसे, आणि बायकांकडे वळून म्हणाले, औषधांचा अंमल होता हो तेव्हा, तिला आठवत नसेल.

"ऑपरेशन डोळ्यांचं झालं," माई म्हणाल्या. "डोक्याचं नाही."

त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांनी मशीनवरचा हातही काढला नव्हता.

"तुम्हाला जागा हवी होती ना? मग भांडून घ्यायची होती. मी पण भांडले असते. कदाचित हरलेही असते, आणि दिली असती जागा. पण तुम्ही मला विचारलं नाहीत, वर माझं उत्तर सगळ्यांना ऐकवत फिरलात. आणि त्या उत्तराचं कौतुक माझ्याच गळ्यात घातलंत, म्हणजे मी तोंड उघडायला नको. माझ्या वतीने बोलायचं आजपासून बंद."

फोरमनचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण मागचा माणूस निघून गेला होता. त्यांनी बहिणीकडे बघितलं. ती आपल्या बाजूने काही बोलेल असं त्यांना वाटलं असावं.

"टेम्पोवाला थांबलाय, दादा," वन्सं म्हणाल्या. "टेबल उचल."

टेबल एकट्याला उचलण्यासारखं नव्हतं. फोरमन एका टोकाला वाकले. दुसरं टोक उचलायला मास्तरीणबाई उठल्या, हातातली पाकळी पदराला चिकटली ते त्यांना कळलंही नाही. कागदाच्या गुंडाळ्या घरंगळत खाटेखाली गेल्या. टेबल मधल्या चिंचोळ्या बोळात नेऊन भिंतीला लावलं. मशीन खिडकीशी आलं, आणि चारी पाय त्या चार ठिपक्यांवर बसेपर्यंत माईंनी ते सरकवलं. बायका आपापल्या पिशव्या घेऊन गेल्या. जाताना मास्तरीणबाई माईंपाशी थांबल्या, पण त्यांना काही सुचलं नाही, आणि माईंनीही मदत केली नाही.

वन्संही दुकान उघडायला गेल्या. मग घरात दोघंच उरली.

फोरमन खाटेवर बसले होते. ते म्हणाले, "ते चादर पांघरलेलं मशीन बघवत नव्हतं मला. तू तिकडे, डोळ्यांना पट्टी, आणि इथे हे गप्प. रोज सकाळी उठून तेच दिसायचं. वाटायचं, तुला दिसलंच नाही परत तर?"

माईंनी ऐकलं. खोटं वाटलं नाही. एवढ्या वर्षांत फोरमनचा खरा आवाज कुठला हे त्यांना कळत होतं.

"मग त्या बायकांना हे का नाही सांगितलंत?"

"हे काय सांगण्यासारखं आहे? घाबरलो होतो म्हणून?"

"माझ्या नावाने खोटं सांगण्यासारखं होतं," माई म्हणाल्या, आणि सुईचा डबा काढायला उठल्या.

वाईट वाटलं त्यांना, नाही असं नाही. पण वाईट वाटलं म्हणून राग गेला नाही; दोन्ही एकाच घरात राहू लागले, एकमेकांना ओलांडून जात. माई स्वयंपाक करत, ताट वाढत, आणि कामापुरतं बोलत. लेक फोनवर म्हणाली, आई, सोड ना आता. माई म्हणाल्या, मी धरलंय ते मला माहीत आहे, सोडायचं तेव्हा सोडेन. फोरमन एकदा वरच्या मजल्यावर जाऊन आले. काय बोलले ते माईंनी विचारलं नाही, पण त्यानंतर फुलांचा वर्ग मास्तरीणबाईंच्याच घरी भरू लागला, आणि मास्तरीणबाई जिन्यात भेटल्या की आधी नमस्कार करू लागल्या, हात न धरता.

शिवणकाम लगेच जमलं नाही. माईंनी पहिलाच अभ्रा शिवला तर शिवण नागमोडी गेली. उसवला. पुन्हा शिवला, पुन्हा उसवला. कापडाच्या कडेला भोकंच भोकं पडली. नवे डोळे लांबचं लख्ख दाखवत, जवळच्याला चष्मा लागे, आणि चष्म्यातून बोट आणि सुई यांतलं अंतर फसवं वाटे. त्या दात-ओठ खात बसत. फोरमन बोळातल्या टेबलाशी दिवा वाकवून पाकळ्या करत, आणि मशीन थांबलं की त्यांचीही कात्री थांबे. पण ते उठून आले नाहीत, काही सुचवलंही नाही, आणि फोरमनसाठी हे काही कमी नव्हतं.

शिवण सरळ येऊ लागली तेव्हा माईंनी लोकांची कामं पुन्हा घ्यायला सुरुवात केली. अशाच एका सकाळी त्या कुणाचा तरी पडदा शिवत बसल्या होत्या. फोरमन बोळातून बाहेर आले. हातात पांढऱ्या लिलींची फुलदाणी होती, नवी, चांगलीच जमलेली. ते थोडं अंतर राखून उभे राहिले. माईंनी पायडल थांबवेपर्यंत थांबले.

"बोळात रंग नीट कळत नाही," ते म्हणाले. "खिडकीच्या त्या कडेला ही ठेवू का? तुझ्या उजेडात येणार नाही."

माईंनी फुलांकडे बघितलं, खिडकीच्या कडेकडे बघितलं. फुलदाणी तिथे सहज मावली असती.

"विचारलंत ते बरं केलंत," त्या म्हणाल्या. "नको."

फोरमननी मान हलवली आणि फुलदाणी घेऊन आत गेले. माईंनी पडद्याची कड सारखी केली आणि पायडलवर पाय ठेवला.